ओटीपी कोणालाही सांगू नका (गॅसवाला, सेतूवाला आणि पार्सलवाला सोडून)

तळटीप | मंगळ, ०९/१२/२०२५ - १०:१४

मंडळी, काथ्याकुटाला विषय देते.

या वर्षी जूनपर्यंत कोणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सायबर गुन्हेगारांपासून सावध करायचे. अॅम्ब्युलन्सला फोन लावतानाही हे ऐकायचं का, म्हणून लोक वैतागले आणि अखेर ती कॉलर ट्यून बंद झाली. बँकांचे मेसेज, पोलिसांची पोस्टर्स, रिझर्व्ह बँकेच्या जाहिराती चालूच आहेत. सगळ्यांचं सार एकच: ओटीपी कोणालाही सांगू नका.

आता लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी बघा. सासूबाईंना घेऊन सेतू केंद्रात गेले होते. पुढे बायकांची रांग. खुर्चीवर विशीतला मुलगा. "मावशी, आधार सांगा. मेसेज आला का? सहा आकडे सांगा." वाचता येत नव्हतं त्यांनी सरळ फोनच त्याच्या हातात दिला. मग नवऱ्याच्या आधारचा ओटीपी. नवरा ऊसतोडीला किंवा ट्रकवर. त्याला फोन लावून, स्पीकरवर टाकून, "अहो, मेसेजातले आकडे वाचा." तो वाचतोय, सगळी रांग ऐकतेय. त्या मुलाचा काहीच दोष नाही, शंभर कामं उरकायची असतात बिचाऱ्याला. पण त्या बाईनं त्या दिवशी काय शिकलं? की शासनाचं काम असेल तर आकडे सांगायचे असतात, आणि नाही सांगितले तर हप्ता थांबतो.

उद्या तिला फोन येणार, "ताई, योजनेच्या ऑफिसमधून बोलतोय, तुमची केवायसी अर्धवट राहिलीय, आकडे सांगा." ती सांगणार नाही तर काय करणार? आणि मग आपण पेपरात वाचून म्हणणार, लोकांमध्ये जागृतीच नाही.

गॅसवाल्याचा कोड, कुरियरवाल्याचा कोड, तीच कथा. सायबर सुरक्षेचं सरकारी धोरण नक्की कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, हा माझा प्रश्न आहे.

---

भोचक_भवानी | मंगळ, ०९/१२/२०२५ - १०:३१

+१
आमच्याकडे गॅसवाला जिन्यातूनच ओरडतो, "काकू, कोड!" आणि काकू गॅलरीतून ओरडून सांगतात. अख्ख्या चाळीला पाठ.

---

हमाल_आयटीतला | मंगळ, ०९/१२/२०२५ - ११:०२

धागा छान, पण थोडी गल्लत होतेय. गॅसचा कोड आणि बँकेचा ओटीपी एक नव्हेत. गॅसचा कोड मुळात डिलिव्हरीवाल्याला सांगण्यासाठीच असतो, सिलिंडर खरंच तुम्हाला मिळाला याचा तो पुरावा. मेसेजमध्ये लिहिलेलं असतं कशासाठी आहे ते. वाचा आणि मग ठरवा, एवढं साधं आहे.

धोरणाचं म्हणाल तर आपलं राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण २०१३ चं आहे. तेव्हा यूपीआय नव्हतं, जिओ नव्हतं. पाच वर्षांत पाच लाख सायबर तज्ज्ञ तयार करू, असं त्यात लिहिलं होतं. पुढे २०२० च्या सुमारास नव्या राष्ट्रीय रणनीतीचा मसुदा झाला, आज-उद्या येणार म्हणत वर्षं गेली. जे प्रत्यक्ष घडलं ते तुकड्या-तुकड्यांनी: गृह खात्याचं आयफोरसी (सायबर गुन्ह्यांसाठीचं समन्वय केंद्र), सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे नियम, दूरसंचार खात्याचं संचार साथी पोर्टल, रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं. एकेक तुकडा वाईट नाही. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार कुठल्याही कंपनीला किंवा सरकारी कार्यालयाला सायबर हल्ल्याची खबर ६ तासांत द्यावी लागते, सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. आमच्याकडे तेव्हा काय धावपळ उडाली होती ते मी जाणतो. आणि तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसने) बसले आणि रुग्णांची नोंद पुन्हा कागदावर आली.

---

तळटीप | मंगळ, ०९/१२/२०२५ - ११:२०

@हमाल, "मेसेजमध्ये लिहिलेलं असतं" हे मान्य. कुठल्या भाषेत लिहिलेलं असतं?

---

हमाल_आयटीतला | मंगळ, ०९/१२/२०२५ - ११:२४

हा मुद्दा बिनतोड. माघार.

---

निवृत्त_रोखपाल | मंगळ, ०९/१२/२०२५ - १३:४५

धागा वाचून राहवलं नाही. नोकरीच्या शेवटच्या काळात शाखेत घडलेलं सांगतो.

एक आजी आल्या. आमच्या जुन्या खातेदार, दर दिवाळीला शाखेत फराळाचा डबा आणणाऱ्या. त्या दिवशी कोणाशी बोलायला तयार नाहीत. एफडी मोडायची आहे, सगळी, आणि पैसे आरटीजीएस करायचे आहेत. खात्याचं नाव लिहून आणलेलं, कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं. विचारलं, कशासाठी? "घर घ्यायचंय नातवाला." नातू अमेरिकेत. मी विचारत राहिलो, त्या खाली बघत राहिल्या. पर्समधला फोन उलटा ठेवलेला, पण उजेड दिसत होता. व्हिडिओ कॉल चालू होता.

मी बोलायचं थांबवलं आणि व्हाउचरच्या मागे लिहिलं, "फोनवर पोलीस आहेत का?" त्यांनी मान हलवली आणि रडायला लागल्या. पलीकडचा म्हणत होता, "मॅडम, बँकवाले भी इस केस में शामिल हैं, किसी को बताना मत." हे वाक्य त्या लोकांच्या संहितेतच असतं. आधी दूरसंचार खात्याच्या नावाने फोन, नंबर दोन तासांत बंद होणार म्हणून. मग तुमच्या आधारवर पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले. मग खाकी कपड्यांतला माणूस, मागे अशोकस्तंभ, सर्वोच्च न्यायालयाचा खोटा आदेश पीडीएफमध्ये. शेवटी, तुमचे पैसे "तपासणीसाठी" रिझर्व्ह बँकेच्या खात्यात पाठवा, स्वच्छ निघाले तर परत.

या आजींना ओटीपी कोणाला सांगू नये हे पक्कं माहीत होतं. त्यांनी सांगितलाही नव्हता. स्वतः चालत शाखेत आल्या होत्या. तेव्हा जागृतीचा घोशा कुठे कमी पडतो ते बघा. भीतीने गारठलेल्या माणसाला जाहिरात आठवत नाही. त्याला समोर कोणीतरी थांबवणारं लागतं. आणि आता शाखेत थांबवणारं राहिलंय कोण? चार जणांच्या कामाला एक जण, त्याच्यावर विम्याचं टार्गेट. मोबाईलवरून आरटीजीएस केला तर समोर कोणी नसतंच.

---

गोदाकाठ | मंगळ, ०९/१२/२०२५ - १४:१०

काका, दंडवत. व्हाउचरमागची चिठ्ठी भारीच.

---

खडूस_वकील | मंगळ, ०९/१२/२०२५ - १६:३७

कायद्याचं थोडं.

रोखपालकाकांच्या आजींना व्हिडिओ कॉलवर धरून ठेवलं, तशी "डिजिटल अरेस्ट" आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मधल्या "मन की बात"मध्येही ते सांगितलं होतं. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे, जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१-अ, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५) व्हॉट्सअॅपवर बजावायची नाही. हे कॉलर ट्यूनवर कोणी ऐकलंय? "व्हॉट्सअॅपवर आलेली पोलिसांची नोटीस ही नोटीसच नाही" हे एक वाक्य मराठीत गावोगाव पोचवलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. "सावध राहा" म्हणजे नक्की काय करा?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. त्याच नव्या संहितेत न्यायालयाचं समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवायची सोय आहे. ई-चलान तर मोबाईलवर येतंच. म्हणजे सरकारकडून मोबाईलवर काहीच अधिकृत येत नाही, असंही सांगता येत नाही. गाडीच्या दंडाची बनावट एपीके (फोनमध्ये अॅप बसवणारी) फाइल व्हॉट्सअॅपवर येते आणि लोक ती उघडतात, ते यामुळेच. खरं चलान येणारा रस्ता आणि खोटं येणारा रस्ता एकच.

ताजी घडामोड: अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याने असेच १ कोटीहून जास्त गमावले आणि थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये स्वतःहून दखल घेतली आणि या १ डिसेंबरला देशभरातल्या डिजिटल अरेस्टचा तपास सीबीआयकडे दिला. बँकांनी अशी खाती उघडू दिलीच कशी, तेही तपासा असं सांगितलंय. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

---

रीडिंगकर | मंगळ, ०९/१२/२०२५ - १९:५२

वकीलसाहेबांच्या शेवटच्या वाक्याला धरून.

मी इंग्लंडात राहतो. इकडेही हे सगळं धो-धो चालतं. इंग्रजी येतं म्हणून इकडचे म्हातारे वाचतात असं अजिबात नाही. पण ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे: फसवून तुमच्याकडूनच पैसे पाठवून घेतले असतील तरी बँकेने ते परत करायचे, ८५,००० पौंडांपर्यंत. आणि खरी मेख पुढे आहे. भरपाईचा निम्मा बोजा तुमच्या बँकेवर आणि निम्मा ज्या बँकेत चोराचं खातं होतं तिच्यावर.

हा निम्मा भाग फार हुशारीचा आहे. कारण तोवर चोराचं खातं उघडून देणाऱ्या बँकेला काहीच झळ नव्हती. आता खातं उघडतानाच ती चार प्रश्न जास्त विचारते. मला स्वतःला मध्यंतरी एका सुताराला पैसे पाठवताना बँकेच्या अॅपने इतके प्रश्न विचारले की वैताग आला. नाव जुळत नाही म्हणाले, कोणी घाई करतंय का म्हणाले, शेवटी फोन करून खात्री केली. वैताग आला खरा, पण चालेल.

आपल्याकडे हे का नाही?

---

भोचक_भवानी | मंगळ, ०९/१२/२०२५ - २०:०५

कारण आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात लोक मेव्हण्याला पैसे पाठवून "फसलो हो" म्हणत बँकेत रांग लावतील.

---

रीडिंगकर | मंगळ, ०९/१२/२०२५ - २०:२६

हाहा. हाच युक्तिवाद इथल्या बँकांनीही केला होता, फक्त मेव्हणा नव्हता त्यात. म्हणून पहिले १०० पौंड ग्राहकाच्या अंगावर टाकायची मुभा बँकेला आहे, आणि ग्राहकाने अगदीच डोळेझाक केली असेल किंवा तोच चोरीत सामील असेल तर भरपाई नाही. वृद्ध, आजारी वगैरे असतील तर सवलत. परदेशात पाठवलेले पैसे मात्र यात बसत नाहीत, तेव्हा स्वर्ग वगैरे नाही.

सिंगापूरने आणखी वेगळं केलंय. तिथे १ जुलै २०२५ पासून पोलीस बँकेला सांगून फसत चाललेल्या माणसाचे व्यवहार काही दिवस रोखू शकतात, तो स्वतः "मला पाठवायचेच आहेत" म्हणत असला तरी. रोखपालकाकांच्या आजींसारख्यांसाठीच.

---

खडूस_वकील | मंगळ, ०९/१२/२०२५ - २१:१५

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून इथे टाकतो. बँकेची चूक नाही, तुमचीही नाही, मध्येच कुठेतरी भगदाड पडून पैसे गेले आणि तुम्ही कामाच्या ३ दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत तर ठरावीक रकमेपुरतीच. बँकेने १० कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची. आणि चूक तुमची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर.

पण तुम्ही ओटीपी सांगितलात की तुमचा निष्काळजीपणा, तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. आणि आजींसारखे स्वतः सही करून पाठवलेत तर तो व्यवहार "अनधिकृत" राहतच नाही. म्हणजे तळटीपताईंच्या रांगेतली मावशी आणि रोखपालकाकांच्या आजी, दोघीही बाहेर. "ओटीपी सांगू नका" या घोषणेचा हा एक उपयोग कोणाच्या लक्षात येत नाही. ती जागृती आहेच, शिवाय उद्या बँकेला हात झटकायला कामाला येते. तुम्हाला सांगितलं होतं ना?

---

तळटीप | मंगळ, ०९/१२/२०२५ - २१:४०

हेच मला म्हणायचं होतं आणि नीट शब्दांत सापडत नव्हतं.

---

गोदाकाठ | बुध, १०/१२/२०२५ - ०८:३०

सगळंच ग्राहकाच्या सावधपणावर नसतं याचं जुनं उदाहरण पुण्यातलंच. ऑगस्ट २०१८, कॉसमॉस बँक. दोन-तीन दिवसांत ९४ कोटी गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरातूनही, आणि वर साधारण १४ कोटी स्विफ्टने (बँकांची परदेशी व्यवहारांची यंत्रणा) हाँगकाँगला. त्यात एकाही खातेदाराने कोणाला काही सांगितलं नव्हतं. बँकेच्या स्विचवरच (कार्डांचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेवरच) घाला पडला होता. त्यानंतर २०१९ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची टप्प्याटप्प्याची चौकट आणली. म्हणजे नियम येतात, पण आधी कोणीतरी बुडावं लागतं.

---

अण्णा_पाटील_बुद्रुक | बुध, १०/१२/२०२५ - ०९:१२

सरकारवर टीका करणं सोपं असतं. संचार साथी अॅप प्रत्येक फोनमध्ये टाका म्हटलं तर तुम्हीच लोक "पाळत, पाळत" म्हणून ओरडलात. मग सुरक्षा कशी द्यायची?

---

हमाल_आयटीतला | बुध, १०/१२/२०२५ - ०९:४८

अण्णा, अॅप चांगलंच आहे. माझ्या नावावर किती सिम आहेत ते मी त्याच्या वेबसाइटवर बघतो, चोरीचा फोन बंद करता येतो, संशयास्पद कॉल "चक्षू"वर कळवता येतो. सगळ्यांनी वापरावं. वाद आदेशावर होता. २८ नोव्हेंबरला कंपन्यांना गुपचूप आदेश गेला की नव्या फोनमध्ये अॅप आधीच घाला आणि ते बंद करता येऊ नये. बातमी फुटल्यावर ३ डिसेंबरला मागे घेतला. त्यातून झालं काय, तर जो माणूस आपणहून अॅप घेणार होता तोही आता बिचकतो. चांगल्या गोष्टीची अशी माती करायला कौशल्य लागतं.

अवांतर: त्याच दिवशीच्या दुसऱ्या आदेशाकडे कोणाचं लक्ष नाही. व्हॉट्सअॅपसारखी अॅप त्या नंबरचं सिम फोनमध्ये असेल तरच चालणार, आणि संगणकावरचं व्हॉट्सअॅप ६ तासांनी आपोआप लॉगआउट. कारण चोर भारतीय नंबर घेऊन कंबोडिया-म्यानमारमध्ये बसलेले असतात. कारण खरं आहे. ऑफिसात दिवसातून दोनदा क्यूआर कोड स्कॅन करताना शिव्याही खऱ्या पडणार.

---

अण्णा_पाटील_बुद्रुक | बुध, १०/१२/२०२५ - १०:०१

चोर तिकडे बसलेत तर आमच्या गल्लीत खाती कोणाची उघडली जातात?

---

निवृत्त_रोखपाल | बुध, १०/१२/२०२५ - ११:३०

अण्णांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. खाती आपल्याच पोरांची. कॉलेजातल्या मुलाला कोणीतरी म्हणतं, तुझं खातं, एटीएम कार्ड आणि सिम महिनाभर दे, पाच-दहा हजार घे. त्याला वाटतं, आपण कुठे चोरी केली? तपासात पहिल्यांदा हातकड्या त्यालाच पडतात. आणि तिकडे फोन करणारेही सगळे सराईत नसतात. नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेली मुलंही असतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी म्यानमारच्या सीमेवरून ५४९ भारतीय परत आणले ते असेच. माझ्या मते शाळा-कॉलेजांत "फसू नका" याच्या आधी "खातं भाड्याने देऊ नका" हे शिकवायला हवं. पोस्टर मात्र कायम फसणाऱ्यासाठी असतं.

आता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनबद्दल, कारण "फोन करा" एवढंच सांगतात, पुढे काय ते सांगत नाहीत. फोन उचलणारा राज्याच्या पोलिसांचा माणूस असतो. त्याला खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा ओळख क्रमांक) लागतो. तो मेसेजमध्ये किंवा यूपीआय अॅपच्या इतिहासात सापडतो, फोन लावण्याआधी समोर काढून ठेवा. ही माहिती यंत्रणेत पडली की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते. पैसे अजून तिथे असतील तर तेवढी रक्कम गोठवतात. पुढे गेले असतील तर सूचना पुढच्या बँकेकडे. चोर एका खात्यातून दहा, दहातून पन्नास असे फोडतात, शेवटी एटीएम किंवा क्रिप्टो. म्हणून पहिला तास सोन्याचा. मुलगा संध्याकाळी घरी आल्यावर बघू म्हटलं की गेलं.

२०२४ या एका वर्षात लोकांचे २२,८४५ कोटी गेले, त्याआधीच्या वर्षी ७,४६५ कोटी. ही संसदेत दिलेली आकडेवारी. आणि या यंत्रणेने २०२१ पासून जुलै २०२५ पर्यंत वाचवलेले एकूण ५,४८९ कोटी. यंत्रणा वाईट नाही, पण गाय निघून गेल्यावर गोठ्याचं दार लावणारीच आहे.

---

मीनल_त | बुध, १०/१२/२०२५ - १२:१८

काका, मदत हवी आहे. माझ्या भावाचा चहा-नाश्त्याचा गाडा आहे. क्यूआरवर कोणीतरी तीनशे रुपये दिले, ते म्हणे फसवणुकीतले होते. महिना झाला, पूर्ण खातं बंद. दूधवाल्याला द्यायला पैसे नाहीत. बँक म्हणते पोलिसांकडे जा, इथले पोलीस म्हणतात आमची केस नाही. तो तर काहीच चुकला नाही, मग जागृत राहून त्याने करायचं काय होतं?

---

संपादक मंडळ | बुध, १०/१२/२०२५ - १२:२५

खाते क्रमांक, तक्रार क्रमांक धाग्यावर टाकू नयेत ही विनंती. राजकीय शेरेबाजीचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

निवृत्त_रोखपाल | बुध, १०/१२/२०२५ - १३:५५

मीनलताई, हे हल्ली फार होतंय. शाखेत तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात तीन गोष्टी मागा: कुठल्या राज्यातल्या, कुठल्या पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून खातं रोखलं, तक्रार क्रमांक काय, आणि वादातली रक्कम किती. वादातल्या तीनशे रुपयांवर रोख ठेवून बाकीचं खातं मोकळं करा, अशी मागणी त्याच अर्जात करा. त्या दिवशीची गल्ल्याची नोंद, क्यूआरचा स्टेटमेंट, गाड्याचा परवाना असेल तर तो, सगळं जोडा. तेच त्या पोलीस ठाण्याला मेलने पाठवा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा गुळमुळीत दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.

---

खडूस_वकील | बुध, १०/१२/२०२५ - १४:२०

काकांना अनुमोदन. भर एवढीच: वादग्रस्त रकमेपुरतंच गोठवा, सरसकट खातं नको, असं उच्च न्यायालयांनी अनेक प्रकरणांत सांगितलंय, ते अर्जात लिहा. तरीही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज (पूर्वीचं ४५७). तीनशे रुपयांसाठी परराज्यातल्या कोर्टात जावं लागू नये म्हणून आधी पोलिसांच्या मेलचा पाठपुरावा करा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

मीनल_त | बुध, १०/१२/२०२५ - १४:३३

व्यनि केला आहे. बँकेने आत्ता फोनवर सांगितलं, तक्रार तेलंगणातली आहे. लेखी द्यायला तयार नव्हते, भावाला उद्या पोच घेऊनच बाहेर पड म्हणून सांगितलंय.